‘न’ आणि त्याचे सोबती

भाषेतील सर्वांत जड काम सर्वांत हलक्या शब्दाकडे सोपवलेले आहे, असे ‘न’कडे पाहताना मला नेहमी वाटते. एक व्यंजन आणि त्यात मिसळलेला एक ऱ्हस्व स्वर, एवढाच या शब्दाचा देह. त्याच्या उच्चाराला श्वासाचा लहानसा अंश पुरतो, आणि तेवढ्यात समोरचे संपूर्ण विधान, मग ते कितीही लांब आणि कितीही ठाम असो, उलटे होते. झाड, नदी, हात, दगड या शब्दांसाठी जगात कुठेतरी बोट दाखवता येते. ‘न’साठी बोट दाखवायला जागा नाही. जगात जे असते ते असते. नसणे मात्र बोलणाऱ्याच्या मनात आणि वाक्यात घडते. आणि ते घडवणारा हा इवलासा शब्द हजारो वर्षे, एकमेकांना कधीही न भेटलेल्या लोकांच्या तोंडी, फारसा न झिजता टिकून राहिला आहे.

संस्कृतात तो ‘न’ आहे. लॅटिनमध्ये ‘ने’, गॉथिकमध्ये ‘नि’, जुन्या आयरिशमध्ये ‘नी’, लिथुएनियनमध्ये ‘ने’, रशियनमध्ये ‘न्ये’, फारसीत ‘न’ आणि ‘ना’. आजच्या तुर्कस्तानात मातीच्या विटांवर कीलाक्षरांत कोरून ठेवलेल्या हित्ती भाषेत तो ‘नत्ता’ या रूपात आढळतो. हित्ती लेखनिकांची एक सवय मला फार विलक्षण वाटते. ‘नत्ता’ लिहिण्याऐवजी ते पुष्कळदा शेजारच्या अक्कादी भाषेतला नकारार्थी शब्द लिहीत आणि वाचताना मात्र आपला शब्द उच्चारत. म्हणजे या सगळ्या भाषा ज्यात येतात त्या इंडो-युरोपीय भाषाकुटुंबातील सर्वांत जुन्या लेखी पुराव्यात आपला ‘न’ अनेक ठिकाणी परक्या शब्दाच्या आड उभा आहे.

या सगळ्या रूपांमागे भाषाशास्त्रज्ञ ‘ने’ असे एक मूळ रूप मानतात. पण या कुटुंबातील खरी गंमत ‘न’ आणि ‘ने’ यांच्या उघड साम्यात नाही. ती आहे ‘अ’मध्ये. अज्ञात, अमर, अनाम, अनंत या शब्दांच्या आरंभीचा ‘अ’ किंवा ‘अन्’ हा वेगळा उपसर्ग नसून तोच ‘न’ आहे. मूळ भाषेत ‘ने’मधला स्वर गळून पडला की नुसते व्यंजन उरे, आणि संस्कृतातल्या ‘ऋ’मध्ये र-कार जसा स्वर होऊन बसतो, तसा तो ‘न्’ स्वतःच स्वराचे काम करी. हे मत 1876 मध्ये कार्ल ब्रुगमान या तरुण जर्मन भाषाशास्त्रज्ञाने मांडले. स्वर झालेला हा ‘न्’ पुढे प्रत्येक शाखेत वेगळ्या रीतीने उलगडला: संस्कृतात आणि ग्रीकमध्ये त्याचा ‘अ’ झाला आणि पुढे स्वर आला तर ‘अन्’, लॅटिनमध्ये ‘इन्’, जर्मन आणि इंग्रजीच्या शाखेत ‘अन’ किंवा ‘उन’. म्हणून संस्कृत ‘अज्ञात’, ग्रीक ‘आग्नोतोस’, लॅटिन ‘इग्नोतुस’ आणि इंग्रजी ‘अननोन’ हे चारही शब्द एकाच साच्यातून निघालेले आहेत. त्यांचा पहिला अवयव ‘न’ आहे आणि दुसरा ‘ज्ञा’. संस्कृत ‘अमृत’ आणि देवांच्या अन्नाला ग्रीक लोक जे नाव देत त्या ‘अम्ब्रोसिया’तला ‘अम्ब्रोतोस’ हेही असेच सख्खे भाऊ आहेत. आज आपण दवाखान्यात ‘ॲनिमिया’ किंवा ‘ॲनेस्थेशिया’ म्हणतो तेव्हा ग्रीकच्या वाटेने परत आलेला आपला ‘अन्’च उच्चारत असतो, आणि ‘ॲनॉनिमस’मध्ये तर ‘अनाम’चे दोन्ही तुकडे, नकार आणि नाव, जसेच्या तसे सापडतात.

पाणिनीला हे नाते ठाऊक होते. त्याची मांडणी निराळी होती, एवढेच. नकारार्थी ‘न’ला तो ‘नञ्’ म्हणतो, आणि ‘नलोपो नञः’ या सूत्रात सांगतो की समासात ‘न’मधल्या ‘न्’चा लोप होतो आणि ‘अ’ मागे राहतो. लगेचच्या सूत्रात पुढे स्वर असेल तर ‘न्’ पुन्हा आणण्याची सोय आहे. पाणिनीच्या मते व्यंजन जाते आणि स्वर उरतो. ब्रुगमानच्या मते व्यंजनच स्वर होते. दोघांमध्ये दोन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर आहे, पण ‘अ’ आणि ‘न’ एकच आहेत या निर्णयात फरक नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील 129 वे सूक्त ‘नासदासीत्’ या शब्दांनी सुरू होते, तेव्हा ‘न’ आणि ‘असत्’ यांच्या संधीत या एकाच मूळ शब्दाची दोन रूपे शेजारी उभी असतात: एक वाक्याला नाकारणारे, दुसरे शब्दाला नाकारणारे. सृष्टीच्या आधी ‘नसलेले’ही नव्हते, हे सांगायला कवीला दोघांचीही गरज पडली. नकारालाच नकार देणारे हे वाक्य मी जितक्या वेळा वाचतो, तितक्या वेळा मला त्या दोन अक्षरांच्या कामगिरीपुढे थांबावे लागते.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. इतक्या लहान शब्दाचे साम्य योगायोगानेही सहज घडते, आणि ‘न’च्या बाबतीत असे योगायोग पुष्कळ आहेत. हंगेरियन भाषेत ‘नेम’ म्हणजे नाही, जपानीत ‘नाइ’ म्हणजे नाही. परंतु या दोन्ही भाषा इंडो-युरोपीय कुटुंबाबाहेरच्या आहेत आणि त्यांच्या नकारांचा आपल्या ‘न’शी संबंध सिद्ध झालेला नाही. दुसऱ्या बाजूला ग्रीक तर आपल्याच कुटुंबातली भाषा, आणि तिच्यात ‘ने’ असा उच्चार होणाऱ्या शब्दाचा अर्थ ‘होय’ असा आहे. कोरियन भाषेतही ‘ने’ म्हणजे ‘होय’. आवाज एक, अर्थ नेमका उलट. शब्दांचे नाते केवळ कानाने ठरवू नये, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. ‘अज्ञात’ आणि ‘इग्नोतुस’ कानाला फारसे जुळत नाहीत, तरी ते एक आहेत, कारण संस्कृतातला ‘अ’ आणि लॅटिनमधला ‘इन्’ यांची जोडी शेकडो शब्दांत त्याच नियमाने येते. नियम जुळला पाहिजे. आवाज जुळला तर जुळला.

तरीही ‘न’ हाच आवाज नकारासाठी का निवडला गेला असावा, हा प्रश्न माणसाला सोडत नाही. ओटो येस्पर्सन या डॅनिश पंडिताने 1917 मध्ये नकारावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि त्यात असा तर्क केला की तिटकारा आल्यावर माणूस नाक मुरडतो, त्या मुरडण्याबरोबर निघणारा अनुनासिक उद्गार म्हणजेच मूळचा ‘ने’. तर्क मोहक आहे, पण मला तो पटत नाही. अरबीत ‘ला’, फिनिशमध्ये ‘एइ’, चिनीत ‘बू’, बास्कमध्ये ‘एझ’, तमिळमध्ये ‘इल्लै’ असे नकार आहेत. नाके तर सगळ्यांनाच आहेत.

येस्पर्सनचे खरे मोठेपण त्याच ग्रंथातल्या दुसऱ्या निरीक्षणात आहे. त्याच्या लक्षात आले की नकाराचा शब्द लहान असल्यामुळे तो बोलण्यात दुबळा पडतो, मग त्याला आधार द्यायला लोक दुसरा एखादा शब्द जोडतात. पुढे तो आधाराचा शब्दच नकार बनतो, मूळचा ‘न’ गळून जातो, आणि नवा नकारही झिजू लागतो. 1979 मध्ये अस्तेन दाल या स्वीडिश भाषाशास्त्रज्ञाने या क्रमाला ‘येस्पर्सनचे चक्र’ असे नाव दिले. फ्रेंचमध्ये हे चक्र डोळ्यांदेखत फिरताना दिसते. तिथे ‘ने’ला बळ देण्यासाठी ‘पा’ म्हणजे पाऊल हा शब्द जोडला गेला. ‘मी चालत नाही, एक पाऊलही नाही’ अशा वाक्यातून तो आला, आणि मग चालण्याशी काहीही संबंध नसलेल्या वाक्यांतही बसला. जुन्या फ्रेंचमध्ये पावलाबरोबर कण, थेंब आणि बिंदू हेही या कामावर होते. टिकले ते मुख्यतः पाऊल. आजच्या बोली फ्रेंचमध्ये ‘ने’ पुष्कळदा उच्चारलाच जात नाही आणि ‘मला माहीत नाही’ हे सांगताना नकाराचे सगळे ओझे ‘पाऊल’ या अर्थाच्या शब्दावर असते. त्या शब्दात मुळात नकाराचा लवलेशही नव्हता. नकाराच्या शेजारी उभे राहून राहून तो नकार झाला.

मराठीला हे अपरिचित वाटू नये. कणभरही नाही, तिळमात्र नाही, तसूभरही नाही, रतीभरही नाही, थेंबभर नाही: लहानात लहान माप शोधून ते नकाराच्या हाती द्यायचे, ही आपलीही जुनी रीत आहे. आपल्याकडे ही मापे नकाराच्या जागी बसली नाहीत, सोबतच राहिली, कारण मराठीतला ‘नाही’ दुबळा पडला नाही. पण ‘अजिबात’ आणि ‘मुळीच’ या शब्दांकडे पाहावे. ‘येणार का?’ या प्रश्नाला नुसते ‘मुळीच!’ किंवा ‘अजिबात!’ असे उत्तर आले तर ऐकणारा ते नकार म्हणूनच घेतो. चक्राचे पहिले आवर्तन आपल्याकडेही सुरू आहे, असे मला यावरून वाटते.

आधाराला घेतलेले शब्द निरनिराळ्या भाषांत सारखे निघतात, हे या शोधातले सर्वांत हृद्य प्रकरण आहे. लॅटिन ‘नोन’ हा ‘ने’ आणि ‘एक’ या अर्थाचा ‘ओइनोम’ यांच्या मिलाफातून झाला. जर्मन ‘नाइन’मध्येही ‘नि’ आणि ‘आइन’, म्हणजे पुन्हा एक. इंग्रजी ‘नन’ तसाच. आपण ‘एकही नाही’ म्हणतो. नकाराला पहिला आधार आकड्यांतल्या पहिल्या आकड्याचा घ्यावा, हे या सगळ्यांना आपापल्या ठिकाणी सुचलेले आहे.

पण ‘एक’पेक्षाही मला थक्क करणारा सोबती ‘आयु’ आहे. इंग्रजी ‘नो’ हा शब्द आपण अखंड समजतो; प्रत्यक्षात जुन्या इंग्रजीत तो ‘ने’ अधिक ‘आ’ असा होता, आणि त्या ‘आ’चा अर्थ होता ‘कधीही, सदा’. हा ‘आ’ ज्या मुळापासून आला त्याच मुळापासून संस्कृत ‘आयु’ आणि लॅटिन ‘ऐवुम’ आले आहेत: जीवनशक्ती, आयुष्याचा काळ, युग. म्हणजे इंग्रजीतला ‘नो’ मुळात ‘उभ्या आयुष्यात नाही’ असा आहे. ‘नॉट’मध्ये याच्याच पुढे ‘वस्तू’ या अर्थाचा आणखी एक शब्द विरघळलेला आहे. ग्रीकची कथा याहून पुढची. ग्रीक नकार ‘ऊ’ किंवा ‘ऊक’ यात ‘न’चा मागमूस नाही, म्हणून तो फार काळ कोडे होऊन राहिला होता. 1960 मध्ये वॉरन काउगिल या अमेरिकी विद्वानाने दाखवून दिले की याच्या मुळाशीही ‘न’, ‘आयु’ आणि अनिश्चितता दाखवणारा एक लहान शब्द असे तिघे असावेत. ‘न’ गळाला आणि ‘आयु’ नकार होऊन बसला. हे मत आज व्यापकपणे स्वीकारले जाते. ते खरे मानले तर 1516 मध्ये टॉमस मोरने ‘ऊ’ आणि ‘जागा’ या अर्थाचा ग्रीक शब्द जोडून ‘यूटोपिया’ हे नाव घडवले, तेव्हा त्या ‘नसलेल्या जागे’च्या आरंभी नकळत आयुष्याचा शब्द येऊन बसला. ‘आयुष्यात नाही’, ‘जन्मात नाही’, ‘सात जन्मांत नाही’ असे आपण निक्षून सांगतो, तेव्हा ज्या गरजेने ग्रीक आणि इंग्रज यांच्या पूर्वजांना ‘आयु’ जवळ करावा लागला तीच गरज आपण भागवत असतो. ‘न’ एकटा उभा राहू शकत नाही. तो नेहमी कोणाचा तरी हात धरून येतो, आणि त्याचा इतिहास म्हणजे बहुतांशी त्याच्या सोबत्यांचा इतिहास आहे.

आपल्याकडच्या वैयाकरणांनी ‘न’चा विचार वेगळ्या दिशेने आणि, माझ्या मते, अधिक खोल केला. त्यांनी विचारले: ‘न’ नेमके काय करतो? त्याचे सहा अर्थ सांगणारा एक श्लोक परंपरेने चालत आला आहे: ‘तत्सादृश्यमभावश्च तदन्यत्वं तदल्पता। अप्राशस्त्यं विरोधश्च नञर्थाः षट् प्रकीर्तिताः॥’ अभाव, म्हणजे नसणे, हा या सहांपैकी केवळ एक. ‘अधर्म’ म्हणजे धर्माचा केवळ अभाव नव्हे, धर्माच्या विरुद्ध असलेली गोष्ट. ‘अकाल’ म्हणजे काळ नसणे नव्हे, अयोग्य काळ. ‘अनुदरा’ म्हणजे पोट नसलेली नव्हे, सडपातळ पोटाची. इथे ‘न’ने फक्त कमीपणा दाखवला. आणि यादीत पहिला मान दिला आहे तो सादृश्याला: त्याच्यासारखा, पण तो नव्हे. नकाराचा पहिला अर्थ ‘सारखेपणा’ असावा, हे प्रथम वाचणाऱ्याला चमत्कारिक वाटेल.

ते चमत्कारिक नाही, याची साक्ष वेदच देतो. ऋग्वेदात ‘न’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक ‘नाही’, आणि दुसरा ‘सारखा’. ‘गौरो न तृषितः पिब’ या पहिल्या मंडलातल्या चरणाचा अर्थ ‘तहानलेल्या रानबैलासारखा पी’ असा आहे. ‘न’चा अर्थ तिथे ‘नाही’ केला तर सगळेच बिघडते. वेदांतल्या शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या यास्काने आपल्या ‘निरुक्त’ या ग्रंथाच्या आरंभीच हे नोंदवले आहे. बोलभाषेत ‘न’ फक्त निषेधाचा आहे, वेदात मात्र दोन्ही अर्थांचा, असे सांगून तो दोघांना ओळखण्याची खूणही देतो: ज्याचा निषेध करायचा त्याच्या आधी ‘न’ आला तर तो नकार, आणि ज्याची उपमा द्यायची त्याच्या नंतर आला तर ती तुलना. उपमेसाठी त्याने दिलेले उदाहरण ‘दुर्मदासो न सुरायाम्’ असे आहे, म्हणजे सुरा पिऊन उन्मत्त झालेल्यांसारखे. शब्द एकच, तो आधी येतो की नंतर, यावर अर्थ ठरतो.

नकारातून तुलना कशी उगवली असेल? तहानलेल्या बैलाकडे पाहावे आणि पिणाऱ्या देवाकडे पाहावे: हा बैल नव्हे, तरी बैलच वाटतो. दोन गोष्टी एक नाहीत हे मान्य केल्याशिवाय त्या सारख्या आहेत असे म्हणताच येत नाही, कारण सर्वार्थाने एकच असलेल्या गोष्टींची तुलना होत नसते. स्लाव लोकांच्या मौखिक काव्यात हीच वाट स्पष्ट दिसते. दक्षिण स्लावांच्या एका प्रसिद्ध गीताच्या आरंभी विचारले जाते की हिरव्या डोंगरात हे पांढरे काय दिसते आहे, बर्फ आहे की हंस. मग उत्तर येते की ते बर्फ नव्हे आणि हंसही नव्हेत, तो एका घायाळ सरदाराचा तंबू आहे. बर्फ आणि हंस नाकारले गेले, पण ऐकणाऱ्याच्या मनात तंबूचा पांढरेपणा त्यांनीच भरला. आपल्या साहित्यशास्त्रात अपह्नुती हा अलंकार आहे, ‘हे मुख नव्हे, हा चंद्र आहे’ अशा रीतीचा. तिथेही नाकारलेली वस्तू जात नाही. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी आणि वैयाकरणांनी निषेधाचे दोन प्रकार मानले: क्रियेशी जोडलेला तो प्रसज्यप्रतिषेध, आणि पुढच्या शब्दाशी जोडलेला तो पर्युदास. पहिला एखादी गोष्ट घडू देत नाही. दुसरा एका गोष्टीला बाजूला सारून तिच्या शेजारच्या गोष्टीकडे नजर वळवतो. ‘अ’ या रूपातला ‘न’ मुख्यतः हे दुसरे काम करतो, आणि म्हणूनच त्याने इतके नवे शब्द दिले.

कधीकधी तर नकार नसताना तो आहे असे वाटल्यामुळे शब्द जन्मले. ‘असुर’ हा वैदिक शब्द अवेस्ता या पारशांच्या धर्मग्रंथातल्या ‘अहुर’चा भाऊ, अर्थ स्वामी, सामर्थ्यवान. त्याच्या आरंभीचा ‘अ’ मुळात ‘न’चा नाहीच. पण पुढच्या काळातल्या लोकांना तो नकार वाटला, आणि ‘अ-सुर’ असे तोडून त्यांनी उरलेला ‘सुर’ हा देवांचा शब्द म्हणून वापरायला सुरुवात केली. देवांचे एक नाव अशा रीतीने असुरांच्या नावातून निघाले. ‘असित’ म्हणजे काळा यावरून ‘सित’ म्हणजे पांढरा असाच काढला गेला. याच्या उलट, ज्या शब्दांत ‘न’ टिकून राहतो अशा शब्दांची यादी देणारे पाणिनीचे एक सूत्र आहे, त्यात नपुंसक, नक्षत्र, नकुल, नाक (म्हणजे स्वर्ग) यांच्याबरोबर ‘नख’ही आहे. आजचे भाषाशास्त्र नखात नकार मानत नाही, कारण त्याचे सोयरे इंग्रजी ‘नेल’ आणि ग्रीक ‘ओनिक्स’ यांनाही नखच म्हणायचे असते. ‘नपुंसक’ मात्र खराच नकारातून आला, आणि लॅटिनमध्ये त्याच लिंगासाठी घडवलेला ‘न्यूटर’ हाही ‘ने’ आणि ‘दोहोंपैकी एक’ या शब्दांचा मिलाफ आहे. दोन व्याकरणपरंपरांनी तिसऱ्या लिंगाला नाव देताना एकाच कुळातल्या नकाराचा आधार घेतला.

मराठीत या कुळाच्या दोन शाखा पुन्हा भेटल्या, याचे मला विशेष अप्रूप आहे. एक ‘न’ संस्कृत आणि प्राकृतातून आला: नास्तिक, नावडता, नेणता. दुसरा फारसीच्या वाटेने आला: नाराज, नापसंत, नालायक, नाउमेद, नाइलाज. हजारो वर्षांपूर्वी वेगळे झालेले हे दोन भाऊ आज एकाच वाक्यात शेजारी बसतात आणि बोलणाऱ्याला त्यांच्यात भेद जाणवत नाही. ‘नावडता’ आणि ‘नापसंत’ यांचा अर्थ जवळजवळ एक, घडण तंतोतंत एक, आणि वाटा किती भिन्न! ‘नेणता’ हा शब्द तर आता बोलण्यातून जवळपास गेला आहे, ‘जाणते-नेणते’ अशा जोडीतच उरला आहे. तो जावा असे मला वाटत नाही. ‘अज्ञानी’ या शब्दात उणेपणाचा शिक्का आहे. ‘नेणता’मध्ये फक्त अजून न जाणणारा माणूस आहे.

संस्कृतात मनाई करण्यासाठी ‘न’ नव्हता, त्यासाठी ‘मा’ होता, जसा ग्रीकमध्ये ‘मे’ आणि जुन्या फारसी काव्यात ‘म’. मराठीत ‘मा’ उरला नाही आणि त्याची कामेही ‘न’च्याच घराण्यावर आली. त्या घराण्याने ती इतक्या बारकाईने वाटून घेतली की दुसऱ्या भाषेत सांगताना माणूस अडखळतो. ‘नाही’ वस्तुस्थिती सांगते: तो घरी नाही. ‘नव्हे’ ओळख नाकारते: हा तो नव्हे. ‘नको’ इच्छा नाकारते आणि मनाईही करते. ‘नये’ औचित्याचे आहे: असे बोलू नये. ‘नसतो’ नेहमीची स्थिती सांगते, आणि ‘न बोलता’, ‘न विसरता’ अशा रचनांत जुना ‘न’ आपल्या मूळ जागी, क्रियेच्या आधी, अजून उभा आहे. शिवाय ‘नाही’ला क्रियापदाचे प्रत्यय लागतात: तू नाहीस, ते नाहीत. फिनिश भाषेतला नकारही असाच पुरुषाप्रमाणे बदलतो. ‘नाहीसा होणे’मध्ये ‘नाही’ विशेषण झाले, आणि ‘नसती उठाठेव’ या प्रयोगात तर ‘नसणे’ला असा अर्थ आला की गोष्ट आहे खरी, पण नसायला हवी होती.

या बारीक वाटणीत शेजारच्या द्राविडी भाषांचा सहवास दिसतो असे मला वाटते. कन्नडमध्ये ‘इल्ल’ आणि ‘अल्ल’ हे दोन नकार आहेत. पहिला अस्तित्वाचा, दुसरा ओळखीचा, बरोबर ‘नाही’ आणि ‘नव्हे’ यांच्याप्रमाणे. ‘नको’च्या जागी तिथे ‘बेड’ आहे, तमिळमध्ये ‘वेण्डाम्’, तेलुगूत ‘वद्दु’. कन्नडमध्ये ‘करू नये’ हे ‘माडबारदु’ असे सांगतात, आणि त्यातल्या ‘बारदु’चा शब्दशः अर्थ ‘येत नाही’ असा होतो. ‘नये’मध्येही ‘न’ आणि ‘येणे’च दिसतात. शब्द संस्कृत कुळातले, त्यांची मांडणी दक्षिणेच्या ओळखीची. आणि देवाणघेवाण एका बाजूचीच नव्हती: दख्खनी उर्दूने मराठीचा ‘नको’ घेतला, त्याला ‘नक्को’ असे रूप दिले, आणि तो आज त्या बोलीची ओळख मानला जातो.

राहिला तो ‘ना’. ‘तू येणार ना?’ या प्रश्नात नकाराचा शब्द आहे आणि अपेक्षा होकाराची आहे. पोर्तुगीज बोलीत वाक्याच्या शेवटी ‘ने’ येतो, तो ‘नाही का’ या अर्थाच्या दोन शब्दांचा संक्षेप. जर्मन बोलीतही असाच ‘ने’ आहे. जपानीतला वाक्याच्या शेवटचा ‘ने’ याच कामाचा असूनही रक्ताच्या नात्याचा नाही. समोरच्याला नाही म्हणण्याची मोकळीक देऊन त्याचा होकार मागायचा, अशी ही रचना आहे. मराठीने ती प्रश्नाबाहेर, आज्ञेतही नेली. ‘ये’ ही आज्ञा. ‘ये ना’ ही विनवणी. यास्काची जुनी खूण इथे पुन्हा कामी येते, फक्त अर्थ बदलला आहे: ‘न येता’मध्ये क्रियेच्या आधी आलेला ‘न’ नाकारतो, आणि ‘ये ना’मध्ये क्रियेच्या नंतर आलेला ‘ना’ बोलावतो. ‘जाऊ नको ना’ असे कोणी म्हणते तेव्हा दोघेही एकाच वाक्यात असतात, पहिला जाण्याला अडवतो आणि दुसरा ज्याला अडवले आहे त्याची मनधरणी करतो.